पाण्याखालचे फोटो सुधारले, तरी सेगमेंटेशन का सुधारत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ-दहा मीटर खोलीवर, बहुतांशी नैसर्गिक प्रकाशात समुद्रतळाचे फोटो घेतले आहेत. त्यांतून प्रवाळ, सागरी गवत, वाळू आणि मोकळं पाणी वेगळं काढून (यालाच सेगमेंटेशन म्हणतात) प्रत्येकानं किती जागा व्यापली आहे ते मोजायचं आहे. फोटो हिरवट आणि धूसर होते, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची दुरुस्ती, केला आणि वर क्लाहे ही कॉन्ट्रास्ट वाढवणारी पद्धत लावली. फोटो डोळ्यांना एकदम छान दिसू लागले. पण मॉडेल तेच, म्हणजे यू-नेट हे न्यूरल नेटवर्क, ठेवून काढलेले मास्क, म्हणजे कोणता पिक्सेल कशाचा हे दाखवणारे नकाशे, जवळपास होते तसेच राहिले, काही ठिकाणी तर बिघडले. मग कोणता अल्गोरिदम वापरावा?

सध्या नवा अल्गोरिदम शोधू नका, असं मी सुचवेन. फोटो माणसाला चांगला दिसणं आणि मॉडेलला सीमारेषा सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही पहिल्या कामाची साधनं दुसऱ्या कामाला लावली आहेत. ती तिथे का अपुरी पडतात हे कळलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, म्हणून आधी पाणी प्रकाशाचं काय करतं ते पाहू.

कॅमेऱ्यापर्यंत मुख्यतः दोन प्रकारचा प्रकाश पोहोचतो. एक वस्तूवरून निघालेला. वाटेत त्याचा काही भाग शोषला जातो, काही विखुरतो आणि उरलेला क्षीण होऊन लेन्सपर्यंत येतो. दुसरा वस्तूला शिवलेलाच नसतो. मधल्या पाण्यातल्या कणांवर आदळून तो सरळ लेन्सकडे वळलेला असतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. पहिला अंतराबरोबर घातांकी पद्धतीनं घटत जातो. दुसरा अंतराबरोबर वाढत जाऊन एका कमाल पातळीला टेकतो आणि ती पातळी म्हणजेच फोटोत दिसणारा मोकळ्या पाण्याचा रंग. मॅकग्लॅमेरी आणि पुढे १९९० मध्ये जाफी यांनी मांडलेल्या पाण्याखालच्या प्रकाशाच्या मॉडेलमध्ये तिसराही घटक आहे, वस्तूकडून येताना किंचित वळलेल्या आणि त्यामुळे कडा मऊ करणाऱ्या प्रकाशाचा. काही मीटरच्या अंतरावर तो बहुतेक वेळा सोडून दिला तरी चालतं.

आता आकडे पाहा. शुद्ध पाण्याचा शोषण गुणांक ४४० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठी मीटरला साधारण ०.००६, ५५० नॅनोमीटरच्या हिरव्यासाठी ०.०५७ आणि ६५० नॅनोमीटरच्या लालसाठी ०.३४ आहे. म्हणजे पाच मीटरच्या वाटेनंतर निळा सुमारे ९७ टक्के उरतो, हिरवा ७५ टक्के आणि लाल फक्त १८ टक्के. दहा मीटरनंतर लाल तीन-साडेतीन टक्क्यांवर येतो. हे नुसत्या शुद्ध पाण्याच्या शोषणाचं झालं. किनाऱ्याजवळच्या पाण्यातले वनस्पतीप्लवक आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाशही खातात, म्हणून तुमचे फोटो निळे न दिसता हिरवट दिसतात. जेर्लोव यांनी समुद्राच्या पाण्याचं जे वर्गीकरण केलं त्यात खुल्या समुद्राचे पाच आणि किनारपट्टीचे पाच प्रकार आहेत. एका प्रकारासाठी जुळवलेली दुरुस्ती दुसऱ्यात चालेलच असं नाही.

या आकड्यांतली ‘वाट’ दोन तुकड्यांची असते. पृष्ठभागापासून वस्तूपर्यंतची खोली हा पहिला तुकडा आणि वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर हा दुसरा. खोलीमुळे वस्तूवर पडणारा प्रकाशच बदलतो, पण तळ साधारण सपाट असेल तर तो बदल संपूर्ण फोटोभर जवळजवळ सारखा असतो. अंतराचा परिणाम मात्र प्रत्येक पिक्सेलला वेगळा. पायाशी दीड मीटरवर असलेली वाळू आणि मागे सहा मीटरवर असलेली तीच वाळू या फोटोत दोन वेगळ्या रंगांच्या असतात. व्हाइट बॅलन्स खोलीचा परिणाम बऱ्यापैकी काढू शकतो. अंतराचा परिणाम तो काढू शकत नाही, कारण तो सगळ्या पिक्सेलना एकच गुणक लावतो.

तुमचे मास्क का हलले नाहीत, याचं मोठं कारण इथेच आहे. प्रत्येक रंगाच्या चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) एका संख्येनं गुणायचं आणि एक संख्या मिळवायची, एवढंच काम जी दुरुस्ती करते ते काम यू-नेटचा पहिलाच थर स्वतः शिकू शकतो. लाल चॅनेल दबलेला आहे आणि त्याला जास्त वजन द्यायला हवं, हे ट्रेनिंगमध्ये त्याला कळतंच. म्हणून अशा दुरुस्तीतून नेटवर्कला नवीन काही मिळत नाही. वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोंमधला फरक ती कमी करते, एवढा फायदा खरा आहे, पण ट्रेनिंगच्या वेळी रंग आणि उजळपणा यादृच्छिकपणे बदलत राहिलात तर त्यातला बराचसा तसाही मिळतो. डोळ्याला मात्र तीच दुरुस्ती प्रचंड वाटते, कारण आपण स्क्रीनवर पाहतो आणि ० ते २५५ या उजळपणाच्या पट्टीवरचा चार-पाच पातळ्यांचा फरक आपल्याला दिसत नाही. नेटवर्कला तो दिसतो.

बिघडलं ते मुख्यतः क्लाहेमुळे, असा माझा कयास आहे. क्लाहे फोटोचे चौकोनी तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाची विभागणी, स्वतंत्रपणे पसरवतं. मोकळ्या पाण्याच्या तुकड्यात पसरवण्यासारखं काही नसतं, तिथे असतो तो सेन्सरचा नॉइज आणि पाण्यात तरंगणारे कण. तेच वर येतात आणि गुळगुळीत पाण्याला खोटा पोत मिळतो. मॉडेल त्या पोताला गवत समजतं. शिवाय एकाच वाळूचे शेजारशेजारचे भाग दोन वेगळ्या तुकड्यांत गेले की त्यांचे रंग वेगळे होतात. तुम्ही ओपनसीव्ही या सॉफ्टवेअर लायब्ररीतलं डिफॉल्ट वापरलं असेल तर तिथे क्लिप लिमिट, म्हणजे ताणण्यावरची मर्यादा, ४० आहे. या कामासाठी ते फारच जास्त आहे. दोन-तीनच्या आसपास ठेवा, तीनही रंगांच्या चॅनेलवर वेगवेगळं लावू नका, उजळपणा आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या लॅब रंगपद्धतीत जाऊन फक्त उजळपणाच्या चॅनेलवर लावा. इतकं केलंत तरी बिघाड बराच कमी होईल. सुधारणा होईलच असं मात्र मी म्हणणार नाही.

यामागचं कारण नीट पाहण्यासारखं आहे, कारण सगळ्या एन्हान्समेंटची, म्हणजे फोटो सुधारण्याच्या पद्धतींची, मर्यादा त्यात आहे. समजा पाण्याचा एकूण क्षीणन गुणांक (शोषण आणि विखुरणं मिळून) मीटरला ०.५ आहे आणि प्रवाळ व वाळू यांच्यातला फरक अगदी जवळून १०० पातळ्यांचा आहे. सहा मीटरवर त्यातला पाच टक्के उरतो, म्हणजे ५ पातळ्या. नॉइज ४ पातळ्यांचा असेल, तर एका पिक्सेलकडे बघून तो प्रवाळाचा की वाळूचा हे ठरवता येत नाही. कॉन्ट्रास्ट दहापट ताणला की फरक ५० होतो आणि नॉइज ४० होतो. गुणोत्तर होतं तेच. फोटो उठावदार दिसतो, माहिती तेवढीच असते. याउलट ५ बाय ५ पिक्सेलची सरासरी घेतली तर नॉइज पाचपट कमी होऊन ०.८ वर येतो आणि ५ पातळ्यांचा फरक स्पष्ट वेगळा पडतो. किंमत म्हणून पाच पिक्सेलपेक्षा बारीक तपशील जातो, पण त्या अंतरावर तो तपशील आधीच गेलेला होता. म्हणून दूरच्या भागासाठी ताणण्यापेक्षा कडा राखून केलेलं स्मूदिंग जास्त उपयोगी पडतं: बायलॅटरल फिल्टर, गायडेड फिल्टर किंवा नॉन-लोकल मीन्स. व्हिडिओ असेल आणि कॅमेरा स्थिर असेल तर पाच-सात फ्रेमचा मीडियन, म्हणजे मधलं मूल्य, घ्या. तरंगणारे कण जवळजवळ पूर्ण नाहीसे होतात, आणि उथळ पाण्यात तळावर नाचणारे उन्हाचे कवडसेही बरेच निवळतात.

आता बॅकस्कॅटरकडे वळतो, कारण नेटवर्कला स्वतःहून सहज न जमणारं आणि आपल्याला करून देता येण्याजोगं काम तिथे आहे. अंतर कळल्याशिवाय बॅकस्कॅटर नीट वजा करता येत नाही. ज्या पद्धती एकाच फोटोवरून अंतराचा अंदाज बांधतात, त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या गृहीतकावर उभ्या असतात. यातली प्रसिद्ध म्हणजे २००९ ची डार्क चॅनेल प्रायर. ती हवेतल्या धुक्यासाठी बनवलेली आहे. तिचं गृहीतक असं की फोटोच्या प्रत्येक लहान भागात कुठल्या तरी पिक्सेलचा कुठला तरी चॅनेल जवळजवळ काळा असतो. तो काळा दिसला नाही, तर मधे धुकं आहे. पाण्याखाली लाल चॅनेल सगळीकडेच काळा असतो, त्यामुळे ही पद्धत प्रत्येक भागाला धुकंमुक्त ठरवून मोकळी होते. म्हणून २०१३ मध्ये ड्र्यूस आणि सहकाऱ्यांनी फक्त हिरवा आणि निळा चॅनेल धरणारी आवृत्ती मांडली. तिनं ही अडचण सुटते, तरी पांढरी वाळू आणि चमकदार मासे तिला दूरचे वाटतात. तुमच्या फोटोंत वाळू भरपूर आहे, तेव्हा या वाटेनं जाऊ नका.

दुसरी अडचण मॉडेलमध्येच होती. हवेतल्या धुक्याच्या सूत्रात क्षीणनाचा आणि बॅकस्कॅटरचा गुणांक एकच धरतात. अक्कायनाक आणि ट्रेबिट्झ यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पाण्यात हे दोन गुणांक वेगळे असतात, आणि क्षीणनाचा गुणांक नुसत्या पाण्यावर अवलंबून नसून अंतर, वस्तूचा रंग, पडणारा प्रकाश आणि सेन्सर यांच्यासोबत बदलतो. पुढच्या वर्षी त्यांनी याच पायावर सी-थ्रू ही पद्धत मांडली. तिचा पहिला टप्पा इतका साधा आहे की तो तुम्ही स्वतः लिहून काढू शकता. प्रत्येक पिक्सेलचं अंतर माहीत हवं. अंतराच्या पट्ट्याचे दहा भाग करा आणि प्रत्येक भागातले सर्वांत गडद एक टक्का पिक्सेल निवडा. सावलीतल्या फटी, काळे दगड, गडद शेवाळ यांच्यावरून स्वतःचा असा प्रकाश जवळजवळ येतच नाही, त्यामुळे तिथे दिसतो तो बहुतांशी बॅकस्कॅटर. या बिंदूंमधून, प्रत्येक चॅनेलसाठी वेगळी, अंतराबरोबर वाढून टेकणारी वक्ररेषा बसवा आणि प्रत्येक पिक्सेलमधून त्याच्या अंतरानुसार तेवढा भाग वजा करा. क्षीणन भरून काढण्याचा दुसरा टप्पा अवघड आहे. सेगमेंटेशनसाठी तो अनेकदा लागतही नाही. नुसतं बॅकस्कॅटर वजा केलं तरी जवळची आणि दूरची वाळू एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात.

अंतर आणायचं कुठून? तुमचे फोटो एकमेकांवर पुरेसे चढत असतील तर फोटोग्रामेट्रीच्या, म्हणजे अनेक फोटोंवरून त्रिमितीय मांडणी काढणाऱ्या, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून प्रत्येक फोटोचा अंतर-नकाशा काढता येतो. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन मात्र पाण्यातच करा. हाऊसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, सपाट काचेतून अपवर्तनामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या साधारण तीन-चतुर्थांश अंतरावर असल्यासारख्या दिसतात, आणि हवेत केलेलं कॅलिब्रेशन तिथे चुकतं. एकट्या फोटोवरून अंतर सांगणारी नेटवर्क आता सहज मिळतात, पण त्यांचं ट्रेनिंग मुख्यतः जमिनीवरच्या फोटोंवर झालेलं असतं. जवळचं काय आणि दूरचं काय हा क्रम ती बऱ्याचदा बरोबर देतात, पण मीटरमधल्या आकड्यावर विसंबू नका. वरची वक्ररेषा बसवायला एकमेकांच्या प्रमाणातलं अंतर पुरतं, क्षेत्रफळ मोजायला पुरत नाही.

हे सगळं करताना एक पथ्य पाळा, नाहीतर बाकी मेहनत वाया जाते. बेरीज-वजाबाकीचं हे भौतिकशास्त्र सेन्सरनं मोजलेल्या सरळ, रेषीय मूल्यांना लागू पडतं. जेपेग फाइलमधली मूल्यं गॅमा वक्रातून, म्हणजे उजळपणा अरेषीय करणाऱ्या सूत्रातून, गेलेली असतात आणि त्यात कॅमेऱ्यानं स्वतःचा व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग घातलेलं असतं. त्यावरून बॅकस्कॅटर वजा करणं म्हणजे चुकीच्या आकड्यांवर बरोबर सूत्र लावणं. शक्य असेल तिथे रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूल्यं, वापरा. जेपेगच हाताशी असेल तर निदान गॅमा उलटवून घ्या. जेपेगचा आणखी एक तोटा पाण्याखाली विशेष जाणवतो. अनेक कॅमेरे जेपेगमध्ये चार पिक्सेलमागे रंगाचं एकच माप साठवतात आणि उजळपणाची मात्र चारही ठेवतात. लाल रंगाची जी थोडीफार माहिती उरलेली असते ती इथे आणखी पातळ होते. समजा लाल चॅनेलची मूल्यं ४ ते १४ मध्ये आहेत. ताणून ती ० ते २५५ केली तरी पायऱ्या अकराच राहतात, दोन पायऱ्यांमध्ये पंचवीसेक पातळ्यांची पोकळी पडते, आणि फोटोत रंगाचे पट्टे दिसू लागतात. त्या पट्ट्यांच्या कडा मॉडेल वस्तूच्या कडा म्हणून वाचतं.

रंगाबद्दल आणखी एक सांगायला हवं. अँकुटी आणि सहकाऱ्यांची फ्यूजन पद्धत, २०१२ ची आणि विशेषतः तिची २०१८ ची सुधारित आवृत्ती, दिसण्याच्या दृष्टीनं फार चांगली आहे. आधी लाल चॅनेल सावरायचा, मग व्हाइट बॅलन्स करायचा, त्यातून एक गॅमा बदललेली आणि एक शार्प केलेली अशा दोन प्रतिमा काढायच्या, आणि वेगवेगळ्या स्केलवर वजनं देऊन त्या एकत्र करायच्या. अहवालात छापायला, लेबल करणाऱ्या माणसासमोर ठेवायला मी ती निःशंकपणे सुचवेन. पण त्यातला लाल हा हिरव्या चॅनेलमधून उसना घेतलेला आहे. तो मोजलेला नाही. अशा फोटोवरून प्रवाळ किती फिकट पडलं आहे यासारखा रंगावर आधारलेला निष्कर्ष काढू नये. साध्या ग्रे-वर्ल्ड व्हाइट बॅलन्सचंही असंच. फोटोची सरासरी करडी असावी हे त्याचं गृहीतक, आणि अर्ध्या फोटोत मोकळं पाणी असेल तर ते मोडतं. मग तो लाल अवाच्या सवा वाढवतो आणि सावल्या गुलाबी होतात.

गॅन (नव्या प्रतिमा तयार करायला शिकणारी नेटवर्क) आणि इतर डीप लर्निंगच्या एन्हान्समेंटबद्दल थोडक्यात. त्यांच्या ट्रेनिंगसाठी ‘खरा’ स्वच्छ फोटो हवा असतो आणि समुद्रात तो मिळत नाही. यूआयईबी हा बहुचर्चित डेटासेट घ्या. त्यात ९५० खरे फोटो आहेत आणि ८९० फोटोंना संदर्भ-प्रतिमा दिलेल्या आहेत. त्या संदर्भ-प्रतिमा बारा वेगवेगळ्या पद्धतींनी सुधारलेल्या फोटोंतून माणसांनी पसंतीनं निवडलेल्या आहेत. डेटासेट मोलाचा आहे, पण त्यावर शिकलेलं नेटवर्क माणसाची पसंती शिकतं. पाण्याशिवाय तिथे काय दिसलं असतं ते त्याला कळत नाही. यूआयक्यूएम आणि यूसीआयक्यूई या गुणवत्तेच्या मापांचंही तसंच. रंग भडक आणि कॉन्ट्रास्ट जास्त असला की ही मापं वर जातात. त्यांच्या आकड्यावरून सेगमेंटेशनसाठी पद्धत निवडू नका. तुमच्या कामाचं एकच माप आहे, मास्क.

म्हणून कुठलीही एन्हान्समेंट स्वीकारण्यापूर्वी तीन चाचण्या करा. मूळ फोटोंवर ट्रेनिंग आणि मूळ फोटोंवरच चाचणी. सुधारलेल्यांवर ट्रेनिंग आणि सुधारलेल्यांवरच चाचणी. आणि मूळ फोटोंवर ट्रेनिंग, पण सुधारलेल्यांवर चाचणी. तुमच्या वर्णनावरून तुम्ही तिसरी मांडणी वापरली असावी असं वाटतं, कारण मॉडेल तेच ठेवून फोटो बदलल्याचं तुम्ही लिहिलं आहे. त्या मांडणीत मॉडेलसमोर त्यानं कधी न पाहिलेल्या तऱ्हेचा फोटो येतो आणि तो कितीही सुंदर असला तरी निकाल बहुधा खालीच जातो. खरी तुलना पहिल्या दोन मांडण्यांची.

आता ज्या एका बदलातून तुम्हाला सर्वांत जास्त फायदा होईल असं मला वाटतं तो सांगतो. चाचणीचे फोटो स्वच्छ करत बसण्यापेक्षा ट्रेनिंगचे फोटो गढूळ करा. दोन मीटरच्या आतून घेतलेले स्पष्ट फोटो निवडा. त्यांचे मास्क अचूक काढता येतात, कारण कडा दिसतात. मग वरचंच प्रकाशाचं मॉडेल उलट दिशेनं चालवा. अंतर-नकाशात दोन, चार, सहा मीटर वाढवा, क्षीणन लावा, बॅकस्कॅटर मिळवा, शेवटी सेन्सरएवढा नॉइज घाला आणि गुणांक जेर्लोवच्या किनारी प्रकारांच्या पल्ल्यात यादृच्छिकपणे बदलत राहा. मास्क तोच राहतो. अशा रीतीनं एका चांगल्या फोटोपासून अंतराच्या आणि पाण्याच्या अनेक स्थितींमधले अचूक लेबल असलेले फोटो तयार होतात. अंतर वाढलं तरी वाळू ती वाळूच, हे नेटवर्क यातून शिकतं, आणि फोटोच्या पूर्वप्रक्रियेला जे जमत नव्हतं ते मॉडेलच्या आतच घडतं. क्षीणन आधी, नॉइज सर्वांत शेवटी, हा क्रम उलटा करू नका. आधी घातलेला नॉइजही क्षीण होऊन जातो आणि फोटो खोटा स्वच्छ राहतो.

यू-नेट बदलायची मला गरज दिसत नाही. २०१५ पासूनचं हे आर्किटेक्चर थोड्या डेटावर अजूनही उत्तम काम करतं. फक्त एन्कोडर, म्हणजे फोटोतली वैशिष्ट्यं टिपणारा पहिला भाग, आधी शिकवलेला घ्या. गवत विरळ आणि वाळू भरपूर असेल तर नुसत्या क्रॉस-एन्ट्रॉपीवर, म्हणजे ट्रेनिंगमधली चूक मोजणाऱ्या नेहमीच्या लॉसवर, मॉडेल वाळूकडे झुकतं, तिथे मास्क किती जुळतात ते मोजणारा डाइस लॉस जोडा. मोकळ्या पाण्याचा वर्ग तुम्ही वेगळा ठेवला आहे, हे फार योग्य केलं आहे. सुईम या पाण्याखालच्या सेगमेंटेशनच्या डेटासेटमध्ये दीड हजारांहून जास्त फोटो आणि आठ वर्ग आहेत, त्यातही पाण्याची पार्श्वभूमी हा वेगळा वर्ग आहे. त्याचे वर्ग तुमच्या वर्गांशी तंतोतंत जुळत नाहीत, पण आधी त्यावर ट्रेनिंग करून मग तुमच्या फोटोंवर आणण्यात फायदा आहे.

लेबलिंगसाठी २०२३ मध्ये मेटानं खुलं केलेलं सेगमेंट एनीथिंग मॉडेल, म्हणजे सॅम, जरूर वापरा. एका क्लिकवर मास्क मिळतो, आणि इथे सुधारलेला फोटो वापरायला हरकत नाही, उलट वापरावाच. सॅमला आणि लेबल करणाऱ्या माणसाला, दोघांनाही स्पष्ट कडा हव्या असतात. मास्क सुधारलेल्या फोटोवर काढायचा आणि ट्रेनिंगला मूळ फोटोसोबत द्यायचा. फोटोंची भूमिती बदललेली नाही एवढं तपासा. सॅम वस्तूचा वर्ग सांगत नाही, तो माणसानंच द्यायचा. विरळ गवतावर सॅम सगळा पट्टा एकत्र उचलतं, तिथे हातानंच काढावं लागतं. जिथे माणसालाही कड ठरवता येत नाही तिथे बळजबरीनं रेषा ओढू नका. त्या पिक्सेलना ‘दुर्लक्ष करा’ असं लेबल द्या आणि लॉसमधून वगळा. गढूळ फोटोंवर मॉडेल डळमळतं त्यामागे अनेकदा हेच असतं की लेबल करणाऱ्यानं अंदाजानं रेषा ओढलेली असते आणि मॉडेल तो अंदाज पाठ करतं.

लेबल अजिबात नसतील आणि वर्ग दोनच असतील, उदाहरणार्थ वाळू आणि बाकीचं, तर डीप लर्निंगशिवायही भागतं. बॅकस्कॅटर वजा केलेला फोटो लॅबमध्ये न्या, असमान उजेड काढून टाका आणि ओत्सूची १९७९ ची, उजळपणाची सीमा आपोआप ठरवणारी थ्रेशोल्ड पद्धत लावा. संपूर्ण फोटोवर एकच ओत्सू लावलं तर ते जवळ आणि दूर असे दोन भाग करतं, वाळू आणि प्रवाळ असे करत नाही. म्हणून अंतराच्या पट्ट्यांमध्ये वेगवेगळं लावा.

डेटा कसा विभागला आहे हे प्रश्नात लिहिलेलं नाही, तरी सांगतो. एकाच डाइव्हमधले लागोपाठचे फोटो ट्रेनिंग आणि चाचणीत वाटले गेले असतील तर तुमचे आत्ताचे आकडे मुळात फुगलेले आहेत, आणि कुठल्याही बदलाचा परिणाम त्यात दिसणार नाही. विभागणी डाइव्हनुसार करा, जमलं तर ठिकाणानुसार. आणि आयओयूचा, म्हणजे दोन मास्क एकमेकांशी किती जुळतात याचा, एकच सरासरी आकडा काढू नका. दोन मीटरपर्यंत, दोन ते चार, चार ते सहा, त्यापुढे, असा अंतरानुसार वेगळा काढा. एन्हान्समेंटचा फायदा कुठे होतो आणि तोटा कुठे, हे या तक्त्यात लगेच दिसतं. सरासरीत ते एकमेकांना झाकून टाकतात.

पुढच्या वेळी फोटो घेताना जवळ जा. पाण्याची वाट अर्धी करण्याइतकं काम कुठलाही अल्गोरिदम करू शकत नाही. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स एकाच मूल्यावर बांधून ठेवा, रॉमध्ये घ्या, आणि प्रत्येक डाइव्हमध्ये कलर चार्टचे फोटो निदान तीन वेगवेगळ्या अंतरांवरून घ्या. एकाच अंतरावरचा चार्ट त्या अंतराचाच रंग सांगतो. तीन अंतरांवरून पाण्याचे गुणांक काढता येतात. दिवे वापरणार असाल तर ते लेन्सपासून शक्य तितके बाजूला आणि तिरपे ठेवा, म्हणजे लेन्ससमोरच्या कणांवर उजेड कमी पडतो. दिव्याच्या प्रकाशाला मात्र वस्तूपर्यंत जाऊन परत यायचं असतं, आणि त्याचं बॅकस्कॅटर वर सांगितलेल्या साध्या वक्ररेषेत बसत नाही. तुमचे दिवे लावून घेतलेले फोटो असतील तर ते वेगळे काढा आणि त्यांवर ही पद्धत लावू नका.

शेवटी क्षेत्रफळ. कॅमेरा तिरपा असेल तर पिक्सेलची टक्केवारी म्हणजे जागेची टक्केवारी नव्हे. सहा मीटरवरचा एक पिक्सेल दोन मीटरवरच्या पिक्सेलच्या नऊपट जागा व्यापतो, तीही तळ लेन्सला काटकोनात असेल तर. तिरप्या तळावर त्याहून जास्त. म्हणजे जिथे मास्क सर्वांत कमी विश्वासाचे असतात, नेमक्या त्याच भागाचं वजन बेरजेत सर्वांत जास्त असतं. यासाठी थोडे फोटो दोन माणसांकडून स्वतंत्रपणे लेबल करून घ्या आणि त्या दोघांमधला आयओयू अंतरानुसार काढा. ज्या अंतरापलीकडे तो घसरतो तिथे मॉडेलकडूनही जास्त अपेक्षा ठेवता येणार नाही. त्यापलीकडचे पिक्सेल मोजणीतून वगळा, त्या अंतराचा आकडा निकालासोबत लिहा, आणि उरलेल्या प्रत्येक पिक्सेलला अंतर-नकाशावरून काढलेल्या जागेचं वजन देऊन मगच प्रवाळ, गवत आणि वाळूची बेरीज करा.